परत येण्याचा पुरावा

व्हिसा देणाऱ्या साहेबाला तुमचा आजार पाहायचा नसतो. तुम्ही परत येणार की नाही, एवढंच त्याला पाहायचं असतं. चंद्रपुरातल्या माझ्या दुकानात तीस वर्षं मी हे वाक्य येईल त्याला ऐकवत आलो. बायको म्हणते, झोपेतही तुम्ही हेच बडबडता.

दुकान म्हणजे दवाखान्याच्या रस्त्यावरची एक खोली. आमचे अब्बा कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मी झाडाखालून छपराखाली आलो आणि टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर. आमच्या घराण्याची प्रगती ती एवढीच. पासपोर्ट, मक्केला उमऱ्याला जाणाऱ्यांची तिकिटं, शिकायला जाणाऱ्या पोरापोरींचे व्हिसा, अशी सगळी कामं केली. पाटीवर नाव शब्बीर आहे, पण लोक मला 'पासपोर्टवाले भाऊ' म्हणूनच ओळखतात. आता दुकान पोरगी सांभाळते आणि मी शेजारी खुर्ची टाकून तिच्या चुका काढत बसतो.

या खुर्चीवरून माणसं भारी पाहायला मिळाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या जन्मतारखा पाहाल तर जो तो एक जूनला नाहीतर एक जुलैला जन्मलेला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जे टाकलं ते टाकलं. मुंबईच्या एका साहेबानं मला फोनवर विचारलं होतं, तुमच्या भागात त्या दिवशी काही विशेष असतं का? आलापल्लीचे एक रिटायर वनरक्षक आले होते. अंगावरची खूण लिहायच्या जागी मी लिहिलं, डाव्या खांद्यावर जखमेचा व्रण. ते भडकले. "नुसता व्रण काऊन लिवला? वाघाचा पंजा हाय तो. वाघाचं नाव टाका!" शेवटी टाकलं. पासपोर्टही आला, आणि ते तो गावभर दाखवत फिरले.

दवाखान्यासाठी परदेशी जाणारे माझ्याकडं फार उशिरा यायला लागले. तोवर आमच्याकडचा माणूस आजारी पडला की नागपूर, नाहीतर मुंबई, इथं रस्ता संपायचा. आता कोणाचा भाचा तिकडं असतो, कोणी इंटरनेटवर वाचून येतो. अशी फाईल दोन भागांची असते. पहिल्या भागात आजार: तिकडच्या दवाखान्याचं पत्र, इकडच्या डॉक्टरचं पत्र, रिपोर्ट, विमा. दुसरा भाग जाड असतो, आणि खरी कारागिरी तिथंच. त्यात शेताचा सातबारा, धंद्याचं लायसन, घराचे कागद, घरच्यांचे फोटो. माणूस तिकडं गेला तरी त्याचा जीव इकडं अडकलेला आहे, हे कागदावर दाखवायचं. मागं राहणारं माणूस जितकं जवळचं, तितकी फाईल भक्कम. म्हणून मी नवराबायकोला कधी एकत्र पाठवत नसे. तो माझा नियम होता, आणि माझ्या फाईली क्वचितच परत यायच्या. त्याची मला घमेंड होती, आता लपवून काय उपयोग.

दुसरा नियम अब्बांचा. फॉर्ममधला रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना दिसला की साहेबाला शंका येते. माहिती नसेल तर सरळ 'निरंक' लिहायचं. निरंक म्हणजे काही नाही. हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, तोबा.

सोमाजी भाऊ माझ्याकडं आले ते नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. आरमोरीजवळच्या एका गावात त्यांची धानाची शेती आणि राईस मिल. खाऊनपिऊन सुखी माणूस, तेव्हा पैशाची भानगड नव्हती. त्याआधी अडीच वर्षं, मोहफुलं पडायच्या दिवसात सकाळी शेताकडं निघाले होते आणि वाटेत अस्वल आडवं आलं. अस्वल तोंडावर जातं, हे आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. डावा डोळा जागेवरच गेला. उजव्या बाजूची चेहरा हलवणारी नस तुटली, गाल लुळा पडला, आणि वरची पापणी अर्धी फाटली. नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, हाडं बसवली, पापणी होती तेवढी जोडली. एकदा नसही जोडून पाहिली, पण ती लागली नाही.

म्हणजे सोमाजी भाऊंचा जो एक डोळा उरला होता, तो मिटत नव्हता. ज्या डोळ्याची पापणी मिटत नाही तो सुकतो, आणि सुकत सुकत पांढरा होतो. मग दिसणं संपतं. त्या नागपूरच्या डॉक्टरांनी ज्यांच्या हाताखाली ही विद्या घेतली, त्या बाई व्हिएन्नाला होत्या. पायातली नस काढून चेहऱ्यात जोडायची, अशी नाजूक कामं त्या करत. त्यांनी रिपोर्ट पाहून कळवलं होतं, की या, पण उशीर करू नका.

त्या दिवशी दुकानात तिघं आले होते. सोमाजी भाऊ खुर्चीवर, त्यांचा मुलगा प्रमोद उभा, आणि मागं स्टुलावर सोमाजी भाऊंच्या मंडळी सुभद्राबाई, हातात एक ओला फडका घेऊन.

"मायचाही पासपोर्ट काढा ना जी," प्रमोद म्हणाला. "ते संग जातो म्हणते."

"नाई," मी म्हटलं. "दोघंही निघाले तं साहेब म्हणन, हे तं बिऱ्हाड घेऊनच चालले. बाई इथी राह्यल्या म्हंजे बुवा वापस येणार म्हंजे येणारच. बाईच आपला पुरावा हाय."

सगळे हसले. सुभद्राबाई हसल्या की नाही, ते मी पाहिलं नाही.

मग व्हिएन्नाच्या दवाखान्याचा फॉर्म भरायला घेतला. सहा पानं, इंग्रजीत. मी विचारत होतो आणि प्रमोद सांगत होता. साखर? नाही. बीपी? थोडं. डोळ्यात काय टाकता? डॉक्टरनं दिलेले थेंब आणि मलम. पुढचा रकाना होता, घरी आणखी काही उपचार करता का, आणि ते कोण करतं.

"वैदूचं काई? जडीबुटी?" मी विचारलं.

"नाई जी. तसलं काई नाई," सोमाजी भाऊ म्हणाले.

निरंक, मी लिहिलं. त्यांच्या भाषेत निल. आणि पान उलटलं.

आता सोबत कोण जाणार? हंगाम धानाचा, मिल दिवसभर चालू, प्रमोद हलू शकत नव्हता. माझ्या पासपोर्टवर उमऱ्याचे शिक्के होते, कामापुरतं इंग्रजी येत होतं. "तुमीच चाला ना भाऊ," सोमाजी भाऊ म्हणाले. मी थोडे आढेवेढे घेतले, ते रीत म्हणून. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. तीस वर्षं मी लोकांना जगभर पाठवत होतो आणि स्वतः मक्का-मदिनेपलीकडं काही पाहिलं नव्हतं. ज्या साहेबांसाठी जन्मभर कागद रंगवले, त्यांचा मुलूख असतो तरी कसा, हे पाहायची फार हौस होती.

व्हिसा आला. माझा नियम खरा ठरला म्हणून मी दुकानात पेढे वाटले.

व्हिएन्नाला पोचलो तेव्हा कडक थंडी. शहर इतकं चिडीचूप की आपण मोठ्यानं बोललो तर कोणी तक्रार करेल असं वाटावं. रस्त्यातून ट्राम जायची, ती घंटीही हळूच वाजवायची. झाडांवर एक पान नव्हतं.

"हे झाडं मेले का जी?" सोमाजी भाऊंनी विचारलं.

"थंडीनं पान झडलं, भाऊ."

"पान तं आपला सागही झाडते. पण हे तं पुरं शहरच झडलं."

दवाखान्याजवळ एका पाहुणेघरात आमची खोली होती. भिंतीला लोखंडी पट्ट्या, त्यातून गरम पाणी फिरायचं आणि खोली उबदार राहायची. मला त्या पट्ट्या फार आवडल्या. मी त्या वाढवून ठेवायचो, टोपी त्यावर वाळवायचो. कोपऱ्यावर एका तुर्की माणसाचं हॉटेल होतं, त्यानं सलाम केला आणि माझी खाण्याची काळजी मिटली. सोमाजी भाऊंना भात पाहिजे होता. त्यानं भातही दिला. भाऊंनी एक शीत बोटावर घेतलं, डोळ्याजवळ नेलं, चिमटून पाहिलं. "पॉलिश लई मारलं यायनं. वरचा कोंडा सारा नेला. मले दाखव म्हणा कोणती मिल हाय." तो तुर्की माणूस माझ्याकडं पाहायला लागला. मी म्हटलं, हे म्हणतात भात छान आहे.

दवाखान्यात तर रीघच लागली. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी गाडीनं उडवलेले, यंत्रात अडकलेले चेहरे पाहिले होते. अस्वलानं फाडलेला पाहिला नव्हता. ते एकेक करून येत आणि विचारत, खरंच अस्वल? केवढं होतं? सोमाजी भाऊंना आधी संकोच वाटला, मग रंग चढला. खुर्चीवरून उठून, दोन्ही हात वर करून ते अस्वल कसं उभं राहिलं ते दाखवू लागले. "असं आलं न् असा पंजा मारला. म्या काठी घातली, पण ते काठीले थोडीच भिते!" मी भाषांतर करत होतो, आणि माझ्या इंग्रजीत अस्वल फारच सभ्य वागत होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईही दारात उभ्या राहून ऐकत. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज मऊ. ऑपरेशन सातव्या दिवशी ठरलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. विमानात बसल्यापासून सोमाजी भाऊ चिरचिर करत होते. चहा पाणचट आहे, गादी मऊ आहे, तुम्ही हळू चालता, तुम्ही जोरात चालता. असा माणूस नव्हता तो. मी म्हटलं, परका मुलूख, थंडी, ऑपरेशनची भीती. थेंब मी वेळेवर टाकत होतो, घड्याळ लावून. मी माझं काम चोख करत होतो ना! आणि खोली आणखी गरम करत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा डोळा लालभडक झाला होता आणि बुबुळावर खालच्या बाजूला एक पांढरा ठिपका होता.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, कितीतरी वेळ पाहिलं. मग मला बाजूला नाही नेलं. भाऊंच्या समोरच सांगितलं आणि म्हणाल्या, जसंच्या तसं सांगा. ठिपका म्हणजे बुबुळावर जखम. ही वाढली तर नस जोडायचं ऑपरेशन होणार नाही. बुबुळाला भोक पडू नये म्हणून मग वरची आणि खालची पापणी शिवून टाकावी लागेल. डोळा राहील, पण बंद राहील.

मी सांगितलं.

सोमाजी भाऊंनी हनुवटी यंत्रावरून उचलली. मग म्हणाले, "मले घरी ने शब्बीर. आंधळंच व्हाचं हाय तं आरमोरीत होतो. इथी काऊन?"

डॉक्टरीणबाई फॉर्म चाळत होत्या. माझ्याच अक्षरातला. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती रागाची नव्हती. त्यांना काहीतरी कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अशी पापणी, अशी तुटलेली नस. हा डोळा अडीच वर्षं स्वच्छ राहिला, हेच मला पहिल्या दिवसापासून समजलं नाही. नुसत्या थेंबांनी हे होत नाही. मलम लावलं तर दिसत नाही, म्हणून दिवसा ते लावत नाहीत. पट्टी व्रणावर चिकटत नाही. मग घरी तुम्ही काय करत होता? इथं तर तुम्ही निल लिहिलंय."

मी सोमाजी भाऊंना विचारलं, "भाऊ, घरी डोळ्याले काय करत होते? थेंबाशिवाय?"

"काई नाई."

"काई तं असंल. आठवा."

"काई नाई जी. बाई हात ठेवे, बस."

"कोणती बाई?"

"माही बायको. अजून कोण?"

"कधी ठेवे?"

"कधी म्हंजे? हमेशाच. जेवतानी, बोलतानी. मी मिलवर बसलो का बाजूले येऊन बसे. झोपलो का फडका बांधे."

मी म्हटलं, "मंग फॉर्म भरतानी काऊन नाई सांगितलं?"

ते माझ्यावरच चिडले. "तुमी दवा इचारली होती. ते का दवा हाय? बायको हाय ते!"

डॉक्टरीणबाईंना मी हे कसं सांगितलं, आता आठवत नाही. एवढं आठवतं, की त्या ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, फोन लावा. आता लावा.

आमच्याकडं तेव्हा दुपार होती. प्रमोदनं फोन धरला आणि व्हिडिओत सुभद्राबाई दिसल्या, डोक्यावर पदर सारखा करत. मागं मिलचा आवाज येत होता. त्यांनी आधी नवऱ्याला दाखवा म्हटलं. मी फोन भाऊंच्या चेहऱ्यासमोर धरला. पाहताच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुकवला ना गा डोळा."

मी प्रश्न इकडून तिकडं नेत होतो आणि उत्तरं तिकडून इकडं. सुभद्राबाईंनी प्रमोदलाच समोर बसवलं आणि त्याच्या चेहऱ्यावर करून दाखवलं. पाणी उकळून थंड केलेलं. हात धुऊन, बोटं त्या पाण्यात ओली करून. पापणीला धरून ओढायचं नाही. कानशिलाकडची कातडी खाली घ्यायची, की पापणी आपसूक येते. मग वरून तळहाताचा मऊ भाग ठेवायचा, दाबायचा नाही. थांबायचं. हाताखाली डोळा थंड लागला की सोडायचं. झोपताना जुन्या लुगड्याचा ओला फडका, घडी करून, आणि त्या डोळ्याच्या कुशीवर निजवायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळानं करता?

"घड्याळ पाहून नाई जी," सुभद्राबाई म्हणाल्या. "हवा सुकी असली का जास्त. आगीजवळ बसले का जास्त. न् ते चिरचिर कराले लागले का समजाचं, डोळा सुकला. त्याईले डोळ्यातलं समजत नाई, नस मेली ना. मंग ते चिडते. माणूस उगाच थोडीच चिडते, भाऊ?"

मी हे इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. चार दिवस तो माणूस माझ्याजवळ चिडत होता. आणि मी खोली गरम करत होतो.

तोवर चार-पाच शिकाऊ डॉक्टर गोळा झाले होते. एक पोरगी वहीत चित्र काढून घेत होती, कानशील कुठं, हात कुठं. डॉक्टरीणबाईंनी सुभद्राबाईंना दोन गोष्टी पुन्हा करून दाखवायला लावल्या. स्वतःच्या चेहऱ्यावर करून पाहिल्या. अर्धा तास हे चाललं. मग त्यांनी माझा फॉर्म समोर घेतला, त्या रकान्यातलं निल एका रेघेनं कापलं आणि बारीक अक्षरात खाली पानभर लिहिलं. विचारलं, या हे कुठं शिकल्या? मी म्हटलं, कुठं नाही.

"मग या सोबत का आल्या नाहीत?" त्यांनी विचारलं. "व्हिसा नाकारला का?"

नाकारला, असं म्हणणं फार सोपं होतं. तोंडाशी आलं होतं. पण फोन अजून चालू होता आणि त्यात सुभद्राबाई माझ्याकडं पाहत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी म्हटलं, "नाही. मी अर्जच केला नाही. मागं कोणालातरी ठेवावं लागतं, म्हणून." डॉक्टरीणबाईंनी फक्त मान हलवली. मला त्या वेळी जमिनीत गाडून घ्यावं असं वाटलं.

सुभद्राबाईंना आता आणायचं म्हटलं तरी पासपोर्टच नव्हता, महिना तरी गेला असता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन एक आठवडा पुढं ढकललं. एका आठवड्यात ठिपका भरला तर करू, नाहीतर शिवू, असं स्वच्छ सांगितलं. भाऊंना दवाखान्यात दाखल करून घेतलं, औषधं बदलली, ओल टिकावी म्हणून डोळ्यावर काचेची वाटी बसवून पाहिली. व्रण उंचसखल असल्यानं वाटी बसेना. नर्स लोक येऊन करून जात, पण त्यांच्याकडं आणखी वीस माणसं. म्हणजे उरलो मी.

दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीतल्या गरम पट्ट्या बंद केल्या, स्वेटर घालून बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या पुरुषाच्या तोंडावरून हात फिरवायला शिकलो. आम्हा दोघांनाही लाज वाटत होती. मी हात नेला की सोमाजी भाऊ भिंतीकडं पाहत. मी कागदाचा माणूस. माझ्या बोटांना शिक्का मारायची सवय, हलकं काही कधी केलंच नव्हतं. रोज दुपारी सुभद्राबाई फोनवर माझी तपासणी घेत.

"हात जड हाय तुमचा, भाऊ. हलका करा."

"आता?"

"आताई जड हाय. धानाच्या लोंबीले दाणा भरला का नाई ते पाह्यते ना, तसा हात लावाचा."

मी नमाजाला उभा राहिलो की भाऊ स्वतःच्या बोटानं कातडी ओढू बघत, आणि चुकत. "जल्दी आटपा जी तुमचं," ते म्हणत, आणि मग स्वतःच म्हणत, "नाई, नाई, होऊ द्या. माह्यासाठीही मांगा." मी मागत होतोच. तिसऱ्या दिवसापासून मला कळायला लागलं. भाऊ बोलताना आवाज कोरडा झाला, सुरकुतला, की माझा हात आपोआप उठायचा. चौथ्या दिवशी त्यांनी एकदाही भातावरून कुरकुर केली नाही. मीच धसकलो, म्हटलं ताप वगैरे आला की काय. पण डोळ्याची लाली उतरली होती. सातव्या दिवशी यंत्रावर पाहून डॉक्टरीणबाईंनी अंगठा वर केला. ठिपका भरला होता. पापण्या शिवायच्या नव्हत्या.

ऑपरेशन दिवसभर चाललं. पिंडरीतली नस काढून चेहऱ्याच्या शाबूत बाजूकडून आडवी नेऊन जोडली. आम्ही निघताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं की नस लागलीच काम करत नाही, ती रोज केसाएवढी पुढं सरकते. दहा महिने लागतील, वर्षही लागेल, कदाचित लागणारही नाही. तोवर डोळा जिवंत ठेवायला हवा, नाहीतर नस पोचेल आणि डोळा नसेल. कोणत्या औषधानं, मी विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं.

भाऊंना गावी घरी सोडायला मीच गेलो. अंगणात सगळा गाव. सुभद्राबाईंनी नवऱ्याला बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, डोळा पाहिला, मग हात धुऊन आल्या आणि तळहात ठेवला. भाऊंनी इतका मोठा श्वास सोडला की मला माझ्या हाताची कीव आली.

मी म्हटलं, "बाई, चूक माही झाली. तुम्हाले न्यायले पाह्यजे होतं."

त्या हात न काढता म्हणाल्या, "तुमी मले इचारलं कुठी भाऊ? दोन घंटे तुमच्या दुकानात बसून होती मी. तुमी प्रमोदले इचारून राह्यले होते, याईले इचारून राह्यले होते. मले वाटे, आता मले इचारन, आता मले इचारन. मी मनात सारं जमवून ठेवलं होतं, काय सांगाचं ते. तुमी पान उलटवलं."

चहा आला, तो मी खाली मान घालून प्यालो.

माझी पोरगी म्हणते, तुमचा तो नियमच खुळचट होता, नवराबायकोला सोबत व्हिसा मिळतोच की. मिळाला असता का, हे आता कधीच कळणार नाही, कारण मी मागितलाच नाही. हल्ली फाईल घेऊन माणसं आली की मी खुर्चीवरच्याला थांबवतो आणि मागं स्टुलावर जी कोणी बसली असेल तिला आधी विचारतो, बाई, घरी तुम्ही काय करता? बहुतेक जणी आधी 'काई नाई' म्हणतात. मी लिहीत नाही. वाट पाहतो.

पुढच्या वर्षी शेतातलं धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा एका सकाळी दुकानात फोन वाजला. सुभद्राबाई. त्यांनी आपणहून मला कधी फोन केला नव्हता.

"भाऊ, मी सुभद्रा बोलून राह्यली."

"बोला बाई. डोळा बरा हाय ना?"

"आज सकाळी मी हात नेला ना जी, तं हात लागाच्या पह्यलेच पापणी खाली आली. मले वाटलं भास झाला. मंग मी हात मांगं घेतला न् पाह्यत बसली. अजून आली. पुरी नाई येत. पण आपल्या मनानं येते."

डोळे भरून आले, पोरगी पाहत होती तरी मी ते पुसले नाहीत. तिकडून काहीतरी सपसप आवाज येत होता.

"मंग तुमी काय केलं, बाई?" मी विचारलं.

"काय करन? सूप घेतलं न् तांदूळ पाखडाले बसली. साडेतीन वर्सं झाले भाऊ, दोन्ही हातानं सूप नाई धरलं मी. आताई तेच करून राह्यली. फोन प्रमोदनं धरला हाय."